वरच्या ओळीतला फोटो

आमच्या चौकात माणसाचा फोटो दोनदा लागतो, वाढदिवसाला आणि गेल्यावर. मधल्या काळात त्याला कुणी विचारत नाही. मी जन्मल्यापासून त्याच चौकात राहतो, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आणि चाळीस वर्षं एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतोय. तरी माझा फोटो चौकात लागला तो आम्ही परदेशी निघालो तेव्हाच. त्या एका फ्लेक्सनं माझी जी दशा केली ती मी अजून निस्तरतोय.

कोल्हापुरात 'आमचा बँड आहे' असं सांगितलं की समोरचा लग्नाची तारीख सांगायला लागतो. रॉक बँड म्हटलं तर वरात किती वाजता निघणार ते विचारतो. आम्ही चौघं. गाणारा वकील आहे, कोर्टात ओरडतो तेवढाच स्टेजवर ओरडतो. बेस वाजवणाऱ्याचं औषधांचं दुकान आहे. ड्रमवर मी आणि गिटारवर तो. कॉलेजात असताना इंग्रजी कॅसेटी ऐकून सुरुवात केली, मग आपल्याच भाषेत गाणी करायला लागलो. पहिली दहा वर्षं कुणी ऐकत नव्हतं. पुढं ऐकायला लागले, कारण आम्ही थांबतच नव्हतो.

गाण्यांच्या सगळ्या चाली त्याच्या. तो गगनबावड्याला शाळेत चित्रकला शिकवायचा आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिला. तिथला पाऊस त्याला आवडतो, असं म्हणायचा. ज्याला तो पाऊस आवडतो त्याला काहीही आवडू शकतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. दर रविवारी सकाळच्या एसटीनं गिटार मांडीवर घेऊन यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. कंडक्टर विचारायचा, "मास्तर, ह्येचं अर्धं तिकीट काढू का?" हा म्हणायचा, "काढा की. माझ्यापेक्षा जास्त कमावती ती." फोन त्याच्याकडं बटणांचा. बँडचा व्हॉट्सॲप ग्रुप आम्ही तिघंच चालवायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली. मानेतली नस दबलीय, डॉक्टर म्हणाले. तो काही बोलला नाही, आम्हीही नाही. गाण्यांत त्याचे सूर मात्र कमी कमी होत गेले. आमचं एक गाणं आहे, ऊस तोडून नेल्यावर मोकळ्या पडलेल्या रानाचं. त्यात मधे त्याची एकट्याची गिटार वाजते. एका कार्यक्रमात तो तिथं मधेच थांबला. लोकांना वाटलं ही काहीतरी नवीन तऱ्हा, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि लगेच नजरा फिरवल्या.

अशात आमंत्रण आलं. युरोपात स्थायिक झालेल्या कोल्हापूरकरांनी बोलावलं होतं. इंग्लंड, हॉलंड आणि जर्मनी मिळून पाच कार्यक्रम. वकील त्याच दिवसापासून 'वर्ल्ड टूर' म्हणायला लागला. आमचं जग तीन देशांचं. गिटारवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. चौकशीला आलेल्या पोलिसाला चहा दिला आणि त्याचं पेन्सिलनं चित्रही काढून दिलं. हे तो आम्हाला तीन रविवार सांगत होता.

औषधांच्या दुकानात काउंटरच्या मागं बसून आम्ही तिघांनी ठरवलं की त्याला न्यायचं नाही. परक्या देशात, तिकिटं काढून आलेल्या लोकांसमोर मधेच थांबला तर? कारण खोटं नव्हतं. सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. "तुझं ऐकतो तो," असं म्हणून दोघांनी ते माझ्या गळ्यात मारलं.

आम्ही कोल्हापूरकर तोंडावर बोलणारे म्हणून मिरवतो. परक्याच्या तोंडावर बोलतोही. आपल्या माणसासमोर मात्र दातखीळ बसते. त्या रविवारी तो लवकर आला होता. मी वाक्य घोकून ठेवलं होतं, पण त्यानं गिटारची पिशवी खाली ठेवली, माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"व्हिसा मिळणार नाही म्हणतात रे. कुणालाच. दौरा बोंबलला."

तो जवळ आला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे की. वाईट वाटून घेऊ नगंस. हितं वाजवू." मी त्याला फसवलं आणि तो माझं सांत्वन करत होता. तेव्हाही मी तोंड उघडू शकलो असतो. उघडलं नाही. पावसाळा संपेपर्यंत सराव बंद, असंही वर सांगून टाकलं, म्हणजे तो येणार नाही.

मग नवीन गिटारवाली आली. गडहिंग्लजची मुलगी, सत्तावीस वर्षांची. दूध शीतकरण केंद्रात नोकरी करते, गिटार मोबाईलवर बघून शिकलेली. पहिल्याच सरावाला तिनं त्याच्या चाली अशा वाजवल्या की बेसवाला वाजवायचा थांबला. मी मान खाली घालून वाजवत राहिलो. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, त्याचीच लाज वाटली.

जाताना तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, त्या काकास्नी चालंल न्हवं मी वाजवल्यालं?"

"अगं, त्यानंच तुझं नाव सुचवलं," मी म्हणालो. एका खोट्याच्या खांद्यावर दुसरं बसवलं. दोन्ही निवांत बसली.

निघायच्या आदल्या दिवशी तरुण मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. फ्लेक्स करायला घेतला होता. "काका, जुन्या गिटारवाल्या काकांचा फोटो कुटं घ्यायचा? खालच्या ओळीत तुमी चौघंच बसतायसा." मी तेव्हा बॅग वजनकाट्यावर ठेवून त्यातलं लोणचं काढू की शेंगदाण्याची चटणी काढू या विचारात होतो. म्हणालो, "त्याला वर घ्या. मानाच्या जागी." फोन ठेवल्यावर मला बरंसुद्धा वाटलं. निदान फोटोत तरी त्याला आपल्यावर बसवलं, असं मनात आलं.

आता हे कोल्हापूरबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या फ्लेक्सवर वरची ओळ ठरलेली असते. तिथं देव, महाराज आणि पेठेतले होऊन गेलेले वडीलधारे. त्या ओळीत जिवंत माणूस जात नाही. हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं, मलाही ठाऊक होतं. चटणीच्या नादात मी माझा चाळीस वर्षांचा मित्र त्या ओळीत नेऊन बसवला. छापणाऱ्यानं तयार चौकट उचलली, तिला हार होता आणि दोन्ही बाजूंना समया. आम्ही पहाटे मुंबईला निघालो, फ्लेक्स पावसामुळं रखडला आणि पुढच्या रविवारी लागला. मी तो पाहिलाच नाही.

पहिले दोन कार्यक्रम झक्क झाले. लोक आमच्याशी हात मिळवायचे आणि फोटो तिच्याबरोबर काढायचे. वकील थोडा हिरमुसला. तिसरा कार्यक्रम जर्मनीत होता, एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी चारला. तीन वाजता मी स्टेजवर ड्रम लावत होतो. मागं बायका बटाटेवडे तळत होत्या आणि सगळ्या हॉलभर तो वास होता. खिशातला फोन थरथरायला लागला आणि थांबेना.

आमच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटो होता. वरच्या ओळीत तो, गळ्यात हार. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. कोल्हापूरच्या संगीताचा आधारवड हरपला.' त्याखाली दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, हात जोडलेल्या चित्रांची रांग. कारखान्यातल्या जुन्या साहेबांचं, माझ्या मेव्हण्याचं. 'दौऱ्याला निघताना असं व्हावं, फार वाईट झालं.'

मी ड्रमच्या स्टुलावर बसलो. हातात झांजेचा नट होता, तो खाली पडून घरंगळत गेला. मी तो जाताना बघत राहिलो. आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला वाटलं, सुटलो. आता त्याला काही सांगावं लागणार नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय. एखाद्या श्वासाइतकाच वेळ ते वाटलं असेल. मग स्वतःलाच विचारलं. आपण असे आहोत? चाळीस वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं तो गेल्याचं कळल्यावर आपल्या मनात पहिलं हे येतं? त्याच्या जाण्याचा धक्का मोठा होता, पण त्याहून मोठा मला माझाच बसला.

त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. बायकोला लावला. ती रडत होती. "मला पण आत्ताच शेजारणीनं दाखवलं. भावजींचा फोन लागत नाही. तिकडं चार दिवस लाईट नाही म्हणतात, पाऊस थांबत नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी जातो." आमच्याकडं बायकाही 'जातो, येतो' असंच म्हणतात. तोपर्यंत काही कळायचा मार्ग नव्हता. फ्लेक्सवरूनच बातमी निघाली असेल, हे मला तेव्हा सुचलंच नाही. पेठेत फ्लेक्स लागला म्हणजे माणूस गेला, याबद्दल शंका घ्यायची आमची पद्धत नाही.

आमची बसायची खोली म्हणजे लहान मुलांचा वर्ग होता. बुटक्या खुर्च्यांवर आम्ही चौघं गुडघे छातीशी घेऊन बसलो आणि मी सगळं सांगितलं. वकिलाला आणि बेसवाल्याला माझं व्हिसाचं खोटं माहीत होतं, 'परत आल्यावर सांगू' म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"मंजे त्यास्नी ठावंच न्हाय? दौरा बी? मी बी?"

मी मान हलवली.

"मग मी कुणाच्या जागंवर उभारलोय, काका?"

वकिलासारखा माणूस बुटक्या खुर्चीवर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. ती उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मला वाटलं आता ही वाजवणार नाही. वाजवलं नसतं तर बरं झालं असतं.

चार वाजता तिथल्या कोल्हापूरकरांच्या मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर गेले. बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती. त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, दोन मिनिटं शांतता. तीनशे माणसं मान खाली घालून उभी राहिली आणि मी त्यांच्यासमोर, बँडचा सगळ्यात जुना दोस्त म्हणून, सगळ्यात पुढं. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत माझ्याकडं दयेनं बघत होत्या. ती दया मला चटके देत होती.

कार्यक्रम झाला. रानाच्या गाण्यात गिटारची वेळ आली तेव्हा तिनं तारांवर तळहात ठेवला आणि गिटार गप्प केली. ती जागा तिनं मोकळी सोडली. बेसवालाही थांबला. मला थांबता येईना, ड्रम थांबला की गाणं कोसळतं. त्या सगळ्या वेळात मी एकटा वाजवत होतो आणि ती माझ्याकडं बघत होती. लोक ढसाढसा रडले. त्यांना वाटलं आम्ही ठरवून केलंय.

सकाळी आठला बायकोचा फोन आला. म्हणजे तिकडं साडेअकरा. मी फोन कानाला लावला.

"अहो, जित्ते हायत," ती म्हणाली. गोंधळली की ती शुद्ध बोलायचं विसरते. "मी हार घेऊन दारात उभारलोय आणि दार त्यांनीच उघडलं. म्हनले, 'वहिनी, हार कुणाला?' मला काय सुचंना. मी रडत रडत सगळंच सांगितलं. फ्लेक्सचं, मेसेजचं..."

"आणि दौऱ्याचं?"

"ते बी. तुमी त्यास्नी सांगितलं न्हवतासा, हे मला काय ठावं?"

तो जिवंत होता. मी परक्या माणसाच्या घरात, परक्या पलंगावर बसून आधी हसलो आणि मग इतका रडलो की यजमानबाई पाणी घेऊन आल्या. मग म्हणालो, "फोन दे त्याला."

मला तिकडचा पाऊस स्वच्छ ऐकू येत होता, पत्र्यावर पडणारा. त्याचा खोकला ऐकू आला. मग बायकोचा हलका आवाज आला, "नको म्हनत्यात. रेंज न्हाय म्हणून सांगा, म्हनत्यात."

उरलेले दोन कार्यक्रम आम्ही उरकले. तिनं गिटार चोख वाजवली, पण माझ्याशी कामापुरतंच बोलली. घरी आलो तर फ्लेक्स उतरवलेला होता. तरुण मंडळाची पोरं माफी मागायला आली आणि 'काकांना दीर्घायुष्य लाभो' असा नवीन लावू का म्हणून विचारायला लागली. मी त्यांना हाकललं. चूक त्यांची नव्हती, तरी हाकललं.

गगनबावड्याला जायला मला आणखी आठ दिवस लागले. रस्त्यावर पाणी आहे, अंग दुखतंय, कारणं भरपूर होती. शेवटी गेलो. त्याच्या दोन खोल्यांचं दार उघडंच होतं. तो खिडकीशी बसून कागदावर काहीतरी रंगवत होता. मला बघून उठून उभा राहिला. चाळीस वर्षांत माझ्यासाठी तो कधी उठला नव्हता.

"या की पावणं. बसा."

मी हसलो. मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं खुर्ची पुढं ओढली, पंच्यानं पुसली आणि मी बसेपर्यंत थांबला. "परवास बरा झाला न्हवं? घाटाकडं लई पाऊस हाय ह्या वर्साला."

"अरे, असं काय बोलतोस?"

"च्या टाकतो. बिनदुधाचा चालंल का? दूधवाला आला न्हाय."

स्टोव्ह पेटवता पेटवता तो बोलत होता. "पोरगी आलती गेल्या ऐतवारी. गडहिंग्लजास्नं दोन गाड्या बदलून. पाया पडली. मी म्हटलं, पाया काय पडतीयास, वाजवून दाव. हात चांगला हाय तिचा. उजवा जरा घाई करतोय. दर ऐतवारी ये म्हटलंय, माझ्या डोस्क्यात आजून बारा-पंधरा चाली हायत, त्या तुझ्या बोटातनं काढू." त्याचा आवाज तिच्याबद्दल बोलताना नेहमीसारखा होता. मला धीर आला. मला वाटलं, निवळला.

म्हणून मी सगळं सांगून टाकलं. दुकानातली बैठक, व्हिसाचं खोटं, तिला सांगितलेलं खोटं, मानाची जागा. तो गेल्याचं वाचल्यावर मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. मुलाची तक्रार घेऊन आलेल्या पालकाचं मास्तर ऐकून घेतात तसं त्यानं मान डोलवत ऐकून घेतलं.

"बोटं माझी हायत, पावणं," तो म्हणाला. "ती गेल्याली मला आदी कळनार. त्या ऐतवारी मी तेच सांगायला आलतो, माझ्याबिगर जावा म्हणून. पोरगं बघा कुटलं तरी, मी शिकवतो. पर मी तोंड उघडायच्या आदी तुमी व्हिसाचं सांगितलासा. मला वाटलं, ह्यांचा दौरा गेला, आता ह्यास्नी आनि माझ्या बोटांचं कुटं सांगत बसू."

माझ्या पाठीवर ठेवलेला तो हात मला आठवला आणि मी खुर्चीवरून खाली त्याच्या पायाशी बसलो. म्हणालो, "मला शिव्या घाल. आईबहिणीवरनं घाल. कानाखाली मार. पण हे अहो-जाहो बंद कर, मला सहन होत नाही."

त्यानं मला दंडाला धरून उठवलं, पुन्हा खुर्चीवर बसवलं. चहा कपात ओतला, कप बशीत ठेवला आणि बशी माझ्या हातात दिली.

"शिव्या आपल्या मानसाला घालत्यात," तो म्हणाला. "तुमी च्या घ्या. निवतोय."

मी चहा प्यालो. कप रिकामा होईपर्यंत तो शेजारी उभा होता, आणि रिकामा झाल्यावर त्यानं तो माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतला.